गाडीचा घसारा : लहान व्यावसायिकासाठी बिलापासून विक्रीपर्यंतचा हिशेब

मार्चअखेर जवळ आली की लहान व्यावसायिक गाडीचे बिल घेऊन हिशेबनिसाकडे येतो आणि "यंदा घसारा किती बसेल?" असे विचारतो. घसारा म्हणजे वापरामुळे गाडीच्या किमतीत दरवर्षी होणारी घट, जी नफ्यातून वजा करता येते. त्याच्या टक्केवारीचे काम दोन मिनिटांत होते. वेळ जातो तो त्याआधीच्या प्रश्नांत : गाडीची किंमत नेमकी किती धरायची, पैसे कोणत्या मार्गाने दिले, गाडी कोणत्या दिवशी कामाला लागली आणि ती कोणाचा माल वाहते. किराणा दुकानदार, कारखानदार, मसालेवाले आणि टेम्पोवाले यांच्या वह्या लिहिताना माझ्या पुन:पुन्हा लक्षात आले आहे की घसाऱ्यातील बहुतेक चुका गुणाकारात होत नाहीत, त्या गुणाकाराच्या आधीच होऊन बसलेल्या असतात. म्हणून या लेखात हिशेबाचा क्रमही तसाच ठेवला आहे : आधी कागद, मग तारीख, मग दर आणि शेवटी आकडेमोड.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. येथील विवेचन १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ३२ आणि त्याला जोडलेल्या तरतुदींवर आधारलेले आहे, आणि उदाहरणे २०२४-२५ व २०२५-२६ या आर्थिक वर्षांची आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत आणि 'कर वर्ष' ही संज्ञा आलेली आहे. त्यामुळे त्यापुढील वर्षांसाठी जुना कलम क्रमांक पाहून गोंधळून जाऊ नये.

पहिली पायरी : स्वतंत्रपणे घसारा मागता येतो का, ते पाहणे

ज्यांनी कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवण्याचा मार्ग निवडला आहे, त्यांना त्या नफ्यातून पुन्हा घसारा वजा करता येत नाही, कारण तो त्यातच धरलेला असतो. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या आणि कलम ४४एई निवडलेल्या वाहतूकदाराचेही तसेच आहे. तेथे १२ टनांहून अधिक एकूण वजनाच्या जड गाडीवर दर टनाला दरमहा १,००० रुपये आणि इतर गाडीवर दरमहा ७,५०० रुपये असे उत्पन्न धरले जाते.

येथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. घसारा वेगळा मागितला नाही म्हणून गाडीचे मूल्य गोठून राहते असे होत नाही. अंदाजित उत्पन्नाच्या वर्षांतही तो दिला गेला असेच कायदा मानतो आणि मूल्य दरवर्षी खाली आणतो. चार वर्षे ४४एडीत राहून पाचव्या वर्षी नियमित वह्या ठेवू लागलेल्या व्यावसायिकाला गाडी मूळ किमतीवर वहीत आणता येत नाही. चार वर्षांचा घसारा वजा करूनच ती आणावी लागते. नियमित वह्या ठेवणाऱ्यालाही "यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ" असे म्हणता येत नाही. कलम ३२ च्या पाचव्या स्पष्टीकरणानुसार तो मागितला काय किंवा न मागितला काय, हिशेबात धरलाच जातो.

दुसरी पायरी : मालकी आणि वापर

घसाऱ्यासाठी दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. गाडी पूर्णत: किंवा अंशत: व्यावसायिकाच्या मालकीची हवी आणि ती त्या वर्षात व्यवसायासाठी वापरलेली हवी. एकहाती मालकीच्या व्यवसायात अडचण येत नाही, कारण मालक आणि व्यवसाय कायद्याने एकच असतात. भागीदारी संस्थेत मात्र गाडी एका भागीदाराच्या नावावर, पैसे संस्थेचे आणि कर्जाचे हप्तेही संस्थेचे, असा प्रकार नेहमी दिसतो. आरसी पुस्तकावरील नाव हाच मालकीचा एकमेव पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस लिमिटेड या वाहने भाडेपट्ट्याने देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात मान्य केलेले आहे. तरीही केवळ त्या निकालाच्या भरवशावर राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी संस्थेच्याच नावावर घ्यावी. ते शक्य नसेल, तर पैसे संस्थेच्या बँक खात्यातून गेल्याचा पुरावा, भागीदारांचा लेखी ठराव आणि संस्थेच्या ताळेबंदातील नोंद हे तिन्ही कागद खरेदीच्या दिवशीच तयार ठेवावेत.

तिसरी पायरी : किंमत नक्की करणे

सर्वांत जास्त सावधपणा येथे लागतो. उदाहरणासाठी सांगलीतील एक मसाले उत्पादक समजू. त्याची जीएसटीची नियमित नोंदणी आहे, कांडप यंत्र आणि पॅकिंग यंत्र आहे, एक जुना टेम्पो आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने दुकानांना माल पोहोचवण्यासाठी आणखी एक लहान टेम्पो घेतला, ज्याला आपल्याकडे सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात. त्याच्या पिशवीतून निघालेले कागद असे : शोरूमचे बिल, मूळ किंमत ५,००,००० रुपये आणि त्यावर त्या वेळच्या २८ टक्के दराने जीएसटी १,४०,००० रुपये; नोंदणी आणि वाहन कर मिळून ३०,००० रुपये; विमा ३२,००० रुपये; मागच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा आणि हुड बांधून घेतल्याचे बिल, जीएसटी वगळून ४०,००० रुपये.

यांतील काय किमतीत जाते आणि काय जात नाही, हे एकेक करून पाहू.

मूळ किंमत अर्थातच जाते. नोंदणी आणि एकरकमी वाहन कर हे गाडी रस्त्यावर आणण्यासाठीचे खर्च असल्यामुळे तेही जातात. सांगाडा आणि हुड यांवाचून ही गाडी त्याच्या कामाची नव्हती, म्हणून ती बांधणीही किमतीत. विमा मात्र त्या वर्षाचा खर्च आहे. तो नफा-तोटा पत्रकात जातो आणि मुदत पुढच्या वर्षात जात असेल तर तेवढा भाग आगाऊ दिलेला खर्च म्हणून दाखवावा लागतो. शोरूमवाले विम्यासकट 'ऑन रोड' असा एकच आकडा सांगतात आणि तोच आकडा वहीत जसाच्या तसा चढतो, ही मी पाहिलेली सर्वांत नित्याची चूक आहे.

जीएसटीचा प्रश्न गाडीच्या प्रकारावर अवलंबून आहे. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीवरील करातून वळता करून घेण्याची सोय, नियमित नोंदणीदाराला मिळते, आणि ते एकदा घेतले की ती रक्कम गाडीच्या किमतीत मिळवता येत नाही. एकाच कराचा लाभ क्रेडिटमध्येही आणि घसाऱ्यातही घेण्यास जीएसटी कायद्याच्या कलम १६ नेच मनाई केली आहे. चालकासह तेरा माणसांपर्यंतची बैठक असलेल्या प्रवासी गाडीचे, म्हणजे नेहमीच्या मोटारीचे, क्रेडिट कलम १७(५) ने रोखलेले आहे. प्रवासी वाहतूक, वाहन चालवण्याचे प्रशिक्षण किंवा गाड्यांचीच खरेदी-विक्री असा व्यवसाय असेल तेवढाच अपवाद. म्हणून दुकानदाराने व्यवसायासाठी मोटार घेतली तर तिच्यावरील संपूर्ण जीएसटी किमतीत जातो. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्या) किंवा नोंदणीच नसलेल्या व्यावसायिकाला कोणत्याच गाडीवर क्रेडिट नसते, त्यामुळे त्याच्या बाबतीत टेम्पोचा जीएसटीही किमतीतच धरावा.

दहा लाखांहून अधिक किमतीची मोटार घेतली की शोरूम बिलावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून वसूल करायचा कर, लावते. तो किमतीत धरायचा नसतो. तो आपल्या नावावर सरकारजमा झालेला आगाऊ आयकर आहे; फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता मिळतो. तो किमतीत चढवणारा माणूस रोख मिळणारी रक्कम पंधरा टक्क्यांच्या हप्त्यांनी परत मागत बसतो.

कर्जाचे व्याज गाडी वापरात येण्यापूर्वीच्या काळातले असेल तर किमतीत, त्यानंतरचे असेल तर त्या-त्या वर्षाच्या खर्चात. मुद्दलाचा हप्ता मात्र कधीच खर्च होत नाही. बँकेच्या पासबुकात ११,४०० रुपयांचा हप्ता दिसतो आणि संपूर्ण ११,४०० 'गाडी खर्च' म्हणून लिहिले जातात, वर घसाराही घेतला जातो. म्हणजे एकच किंमत दोनदा वजा होते. बँकेकडून कर्जखात्याचा उतारा मागवावा, व्याज आणि मुद्दल वेगळे करावे, आणि मुद्दल कर्ज खात्याला नावे टाकावे.

आता रोखीचा मुद्दा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली असेल, तर तेवढा खर्च मालमत्तेच्या किमतीत धरता येत नाही, असे कलम ४३(१) सांगते. आमच्या मसालेवाल्याने शोरूमचे पैसे बँकेतून दिले, पण सांगाडा बांधणाऱ्या मिस्त्रीने "रोख द्या, लगेच गाडी सोडतो" म्हटल्यावर ४०,००० रुपये एकरकमी हातात ठेवले, असे समजा. बिल खरे, गाडीवर सांगाडा डोळ्यांना दिसतो, तरीही ते ४०,००० घसाऱ्याच्या हिशेबातून कायमचे गेले. हा नुकसानीचा प्रकार मला फार बोचतो, कारण तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. यूपीआयने किंवा अकाउंट पेयी धनादेशाने दिले असते तर एक रुपयाही गेला नसता. त्याने पैसे बँकेतूनच दिले असे धरून पुढचा हिशेब करू.

मूळ किंमत ५,००,०००
नोंदणी व वाहन कर ३०,०००
सांगाडा व हुड ४०,०००
घसाऱ्यासाठीची किंमत ५,७०,००० रुपये

चौथी पायरी : गाडी कामाला लागल्याची तारीख

खरेदीच्या वर्षात गाडी १८० दिवसांहून कमी काळ वापरली गेली असेल, तर त्या वर्षी नेहमीच्या दराच्या निम्माच घसारा मिळतो. १८० दिवस असतील तर पूर्ण, १७९ असतील तर निम्मा. मध्ये काही नाही. ३१ मार्चपासून मागे मोजत गेले की साध्या वर्षात ही सीमा ३ ऑक्टोबरला येते. ज्या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी असतो, त्यात ती ४ ऑक्टोबरला येते.

आपल्याकडे गाडी मुहूर्त पाहून घेतली जाते, आणि मुहूर्त नेमके या सीमेच्या आसपास पडतात. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि दसरा १२ ऑक्टोबरला. घटस्थापनेला गाडी आणून त्याच दिवशी कामाला लावणाऱ्याला १८० दिवस भरले आणि पूर्ण घसारा मिळाला. दसऱ्याला आणणाऱ्याचे १७१ दिवस झाले आणि घसारा निम्मा झाला. २०२५ मध्ये दसराच २ ऑक्टोबरला आला, त्यामुळे दसऱ्याची खरेदीही पूर्ण घसाऱ्यात बसली. दिवाळी पाडव्याची गाडी नेहमीच निम्म्यात जाते. गुढीपाडव्याचे उलटे : २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, म्हणजे त्या दिवशी घेऊन वापरलेल्या गाडीला अवघ्या दोन दिवसांच्या वापरावर २०२४-२५ चा निम्मा घसारा मिळाला. मुहूर्त मोडावा असे मी कोणाला सांगत नाही, पण आठवडाभराचा फरक असेल तेव्हा कॅलेंडरबरोबर हा हिशेबही पाहावा.

दिवस मोजायचे ते गाडी वापरात आल्यापासून. बिलाच्या तारखेपासून नव्हे. २८ मार्चला बिल झाले, पासिंग एप्रिलात झाले आणि पहिली फेरीही एप्रिलात गेली, तर मार्चअखेरच्या वर्षात घसारा शून्य. ही तारीख सिद्ध करण्यासाठी आरटीओ नोंदणीची तारीख, डिझेलची पहिली पावती, फास्टॅगच्या उताऱ्यातील पहिली टोलनोंद आणि त्या गाडीचा क्रमांक लिहिलेले पहिले डिलिव्हरी चलन हे कागद उपयोगी पडतात. गाडीच्या क्रमांकासह पहिले चलन फाईलला लावून ठेवण्याची सवय मी प्रत्येकाला लावतो, कारण तो एकच कागद तारीख आणि व्यवसायातील वापर या दोन्ही गोष्टी दाखवतो.

निम्म्याचा नियम फक्त खरेदीच्या वर्षापुरता आहे. पुढच्या वर्षापासून गाडी किती दिवस चालली याची मोजदाद करावी लागत नाही.

पाचवी पायरी : दर ठरवणे

आयकरात घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने मोजतात, म्हणजे दरवर्षी उरलेल्या मूल्यावर टक्केवारी लावतात. स्वतःच्या व्यवसायासाठी वापरलेली मोटार, दुचाकी किंवा स्वतःचा माल वाहणारा टेम्पो यांना १५ टक्के. भाड्याने चालवण्याच्या व्यवसायातील बस, ट्रक आणि टॅक्सी यांना ३० टक्के. विजेवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना ४० टक्के.

एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन सारख्या टेम्पोंना वेगवेगळे दर लागू शकतात, हे येथे ध्यानात घ्यावे. मसालेवाला त्यात स्वतःचा मसाला नेतो, म्हणून १५ टक्के. शेजारचा वाहतूकदार तोच टेम्पो इतरांचा माल भाड्याने नेण्यासाठी चालवतो, म्हणून ३० टक्के. गाडीवर पिवळी पाटी आहे, परमिट आहे, एवढ्यावरून ३० टक्के लावणे चूक आहे; गाडी भाड्याने चालवणे हा आपला व्यवसाय असावा लागतो आणि भाड्याचे उत्पन्न वहीत दिसावे लागते. उत्पादकांना नव्या यंत्रावर मिळणारा जादा घसारा रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांना मिळत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

जुन्या वह्या चाळताना २०१९-२० मध्ये घेतलेल्या मोटारीला ३० टक्के आणि भाड्याच्या गाडीला ४५ टक्के लावलेले दिसले, तर लगेच चूक समजू नये. २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या काळात घेऊन वापरात आणलेल्या गाड्यांना तसा वाढीव दर खरोखरच दिलेला होता.

सहावी पायरी : गट

आयकरात घसारा एकेका गाडीवर मोजत नाहीत. एकाच प्रकारच्या आणि एकाच दराच्या मालमत्तांच्या गटावर मोजतात. वाहने 'यंत्रसामग्री' या प्रकारातच येतात. त्यामुळे मसालेवाल्याचे कांडप यंत्र, पॅकिंग यंत्र, जुना टेम्पो आणि नवा टेम्पो हे सर्व १५ टक्क्यांच्या एकाच गटात बसतात. त्याने उद्या बॅटरीवरची तीनचाकी घेतली तर ती ४० टक्क्यांच्या वेगळ्या गटात जाईल.

१ एप्रिल २०२४ रोजी त्याच्या १५ टक्क्यांच्या गटाचे शिल्लक मूल्य ४,२०,००० रुपये होते असे समजू. नवा टेम्पो दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, पहिल्या फेरीला निघाला.

आर्थिक वर्ष २०२४-२५
सुरुवातीचे मूल्य ४,२०,००० वर १५ टक्के = ६३,०००
नवा टेम्पो ५,७०,००० वर साडेसात टक्के = ४२,७५०
एकूण घसारा १,०५,७५०
वर्षअखेरचे मूल्य : ९,९०,००० वजा १,०५,७५० = ८,८४,२५० रुपये

पुढच्या वर्षी त्याने जुना टेम्पो ६०,००० रुपयांना विकला. त्या जुन्या टेम्पोची वहीतील किंमत किती उरली होती, हा प्रश्न आयकरात येतच नाही. विक्रीची रक्कम थेट गटातून वजा होते.

आर्थिक वर्ष २०२५-२६
सुरुवातीचे मूल्य ८,८४,२५०
वजा विक्री ६०,०००
उरले ८,२४,२५०, त्यावर १५ टक्के = १,२३,६३८
वर्षअखेरचे मूल्य ७,००,६१२ रुपये

वहीतील नोंद सोपी आहे : घसारा खाते नावे, वाहन खाते जमा, आणि वर्षअखेरीस घसारा खाते नफा-तोटा खात्यात वर्ग. अनेक लहान व्यावसायिक वहीतही आयकराचेच दर वापरतात, आणि एकहाती मालकीच्या व्यवसायात त्याने काम भागते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ही मुभा नाही. तिला २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे आयुर्मानावर घसारा धरावा लागतो : मोटारीला ८ वर्षे, दुचाकीला १० वर्षे, भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना ६ वर्षे. म्हणून कंपनीच्या ताळेबंदातील गाडीचे मूल्य आणि आयकर विवरणपत्रातील मूल्य जुळत नाही, आणि ते जुळवण्याचा प्रयत्नही करू नये.

गाडीवर नंतर होणाऱ्या खर्चाबद्दल थोडे. टायर, बॅटरी, इंजिनाचे काम, रंगरंगोटी हे दुरुस्तीचे खर्च त्याच वर्षी वजा होतात. सीएनजी किट बसवले किंवा शीतपेटी चढवली, तर तो भांडवली खर्च होऊन गटात मिळतो.

घरच्या वापराचा भाग

टेम्पोच्या बाबतीत हा प्रश्न क्वचित येतो, मोटारीच्या बाबतीत नेहमी येतो. सकाळी मुलांना शाळेत सोडणारी, दुपारी मार्केट यार्डात उभी राहणारी आणि रविवारी देवदर्शनाला जाणारी मोटार पूर्णपणे व्यवसायाची आहे असे म्हणता येत नाही. कलम ३८(२) प्रमाणे व्यवसायातील वापराच्या प्रमाणातच घसारा मिळतो. मोटारीची किंमत ९,८०,००० आणि वर्ष पूर्ण असेल, तर १५ टक्क्यांनी १,४७,००० होतात. एक चतुर्थांश वापर घरचा असेल, तर ३६,७५० सोडून १,१०,२५० रुपयेच वजा होतील. पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती यांनाही हेच प्रमाण लावावे.

हे प्रमाण कोठून आणायचे? बहुतेक ठिकाणी ते मार्चअखेरीस अंदाजाने लिहिले जाते, आणि चौकशी झाली की त्या अंदाजाला आधार सापडत नाही. माझ्या परिचयातील एका बियाणे विक्रेत्याने गाडीत चालकाच्या आसनाशेजारच्या कप्प्यात दोनशे पानी वही आणि दोरीने बांधलेला पेन ठेवला आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी तो किलोमीटरचा आकडा लिहितो आणि समोर 'दुकान' किंवा 'घर' एवढाच एक शब्द लिहितो. वर्षअखेरीस दोन बेरजा केल्या की प्रमाण हातात येते. वहीची पाने तेलकट आहेत, अक्षर धड लागत नाही, पण अशा वहीइतका भक्कम कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

नफा नसेल तर

वर्षभराचा नफा घसाऱ्याला पुरला नाही, तर न सामावलेला घसारा पुढे ओढता येतो आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही. व्यवसायातील इतर तोटा मात्र आठच वर्षे पुढे नेता येतो. म्हणून विवरणपत्रात दोन्ही रकमा एकत्र न मिसळता वेगवेगळ्या दाखवणे फार महत्त्वाचे आहे. तोट्यात मिसळलेला घसारा आठ वर्षांनी विनाकारण बाद होतो.

शेवटची पायरी : गाडी विकताना

गटात इतर मालमत्ता असतील आणि विक्रीची रक्कम गटाच्या मूल्यापेक्षा कमी असेल, तर वर दाखवल्याप्रमाणे ती वजा करून पुढे जावे. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे आलेले पैसे आणि भंगाराची किंमत याच रीतीने गटातून वजा होतात.

अडचण येते ती एकुलत्या एका गाडीच्या गटात. एका टॅक्सीवाल्याची ८,००,००० रुपयांची गाडी ३० टक्क्यांच्या गटात एकटीच आहे. पूर्ण घसाऱ्याची तीन वर्षे झाल्यावर तिचे मूल्य २,७४,४०० उरते. चौथ्या वर्षी ती ३,५०,००० ना विकली, तर त्या वर्षी घसारा मिळत नाही आणि ७५,६०० रुपये अल्पमुदतीचा भांडवली नफा म्हणून करपात्र होतात. ती २,००,००० ना विकली आणि गटात काहीच उरले नाही, तर ७४,४०० रुपयांचा अल्पमुदतीचा भांडवली तोटा होतो, जो व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यासाठी भांडवली नफाच असावा लागतो. त्याच आर्थिक वर्षात त्याने दुसरी टॅक्सी घेऊन धंद्याला लावली, तर गट रिकामा होत नाही आणि ही रक्कम पुढे घसाऱ्याच्या रूपाने मिळत राहते. जुनी गाडी मार्चात विकून नवी एप्रिलात घेणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा.

जीएसटी नोंदणी असलेल्यांना विक्रीच्या वेळी आणखी एक हिशेब करावा लागतो. ज्या गाडीचे इनपुट क्रेडिट घेतले होते, तिच्या विक्रीवर दोन रकमांपैकी मोठी रक्कम भरावी लागते : विक्री किमतीवरचा जीएसटी, किंवा घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला पाच टक्के कमी करून उरलेली रक्कम. मसालेवाल्याने १,४०,००० क्रेडिट घेतलेला टेम्पो सहा तिमाहींनंतर विकला, तर दुसरी रक्कम ९८,००० रुपये होते.

क्रेडिट न घेतलेल्या मोटारीला वेगळी सवलत आहे. तेथे विक्री किंमत आणि आयकरानुसार घसारा जाऊन उरलेले मूल्य यांतील फरकावरच कर लागतो, आणि २५ जानेवारी २०२५ पासून त्याचा दर १८ टक्के आहे. पूर्णपणे व्यवसायात वापरलेली १०,००,००० ची मोटार पूर्ण घसाऱ्याच्या तीन वर्षांनंतर ६,१४,१२५ वर येते. ती ५,५०,००० ना विकली तर फरक उणे असल्यामुळे जीएसटी लागत नाही. ६,५०,००० ना विकली तर ३५,८७५ रुपयांवर १८ टक्के लागतात.

हा आकडा काढायचा तर त्या एका मोटारीचे उरलेले मूल्य माहीत हवे, आणि आयकराचा तक्ता तर फक्त गटाचे मूल्य दाखवतो. म्हणून गटाचा तक्ता वेगळा आणि प्रत्येक गाडीचे स्वतंत्र पान वेगळे, अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी. पानावर गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, किमतीची फोड, क्रेडिट घेतले की नाही, वापर सुरू झाल्याची तारीख आणि त्याखाली दरवर्षीचे सुरुवातीचे मूल्य, घसारा व अखेरचे मूल्य लिहावे. शोरूमचे मूळ बिल त्याच पानामागे टाचावे. काही बिले उष्णतेने छापल्या जाणाऱ्या (थर्मल) कागदावर असतात आणि कालांतराने त्यावरची अक्षरे उडून जातात, म्हणून बिल मिळाल्याच्या दिवशीच त्याची साध्या कागदावर छायाप्रत काढून तीही सोबत लावावी.